जिप्सीचा दांडा घट्ट केला त्याची हकीकत

आमच्या मारुती जिप्सीचा गिअरदांडा न्यूट्रलमध्ये वरणात पळी फिरावी तसा फिरायचा. मूठ धरून हलवली की तीन बोटं अंतर ती मोकळीच जायची आणि मग कुठेतरी खोल काहीतरी लागल्याचं हाताला कळायचं. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडायचा. रिव्हर्ससाठी दांडा उजवीकडे नेऊन मागे ओढायचा असतो. तो उजवीकडे येत येत माझ्या गुडघ्याला टेकायचा, तरी रिव्हर्स लागेल याची खात्री नसायची.

असा ढिलेपणा एका दिवसात येत नाही. दांडा हळूहळू सुटत जातो आणि हात त्याला सरावत जातो. घरातल्या प्रत्येकाने आपापली युक्ती काढली होती. सासरे पहिला टाकताना मूठ डावीकडे दाबून धरायचे. दीर आधी दुसऱ्यात जायचा आणि तिथून सरळ पुढे ढकलून पहिला काढायचा. मी तिसऱ्याच्या रांगेतून डावीकडचा अडथळा हाताला लागेपर्यंत पुढे सरकायचेच नाही. बागेवर नवा माणूस ठेवला आणि त्याच्या हातात गाडी दिली, तेव्हा त्याला गिअरच सापडेनात. गाडी किती बिघडली आहे ते आम्हाला तेव्हा नीट दिसलं.

गाडी 1998 सालची जिप्सी किंग. 1985 च्या अखेरीला पहिली जिप्सी आली ती 970 सीसीची आणि चार गिअरची. 1996 मध्ये किंग आली आणि तिच्याबरोबर 1300 सीसीचं इंजिन आणि पाचवा गिअर आला. आमची कार्ब्युरेटरवाली, म्हणजे 2000 मध्ये आलेल्या एमपीएफआयच्या, पेट्रोल फवारून देणाऱ्या इंजिनाच्या, आधीची. आमची आंब्याची कलमं देवगडजवळच्या कुणकेश्वरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहेत. खालून वर जाणारी घाटी म्हणजे जांभ्याच्या कातळात चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि सुटे दगड. फवारणीचं औषध मिसळायला दोनशे लिटरचं पाण्याचं पिंप वर न्यायचं आणि हंगामात आंब्याचे क्रेट खाली आणायचे, हे काम ही हलकी, लीफ स्प्रिंगवाली, फोर-बाय-फोर गाडी जितकं निमूट करते तितकं दुसरी कुठली गाडी करताना मी पाहिलेली नाही.

त्या घाटीवरून भरलेली गाडी उतरवताना फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर आणि गती अगदी कमी, आणि पहिला गिअर लागतो. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला नुसता पाय लावायचा. पहिल्याऐवजी तिसरा पडला तर इंजिनची पकड सुटते आणि क्रेटांसकट सगळा भार ब्रेकवर येतो. तोही वळणावर, जिथे एका बाजूला खाली बांध आहे. म्हणून मोहर यायच्या आत, फवारण्या सुरू होण्यापूर्वी, हे काम संपवायचं असं मी ठरवलं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. दांडा दोनदा हलवून तिथल्या माणसाने निकाल दिला, गिअरबॉक्स गेला. खाली उतरवायचा, सिंक्रो, बेअरिंग, फोर्क सगळं बघायचं, पंधरा हजार धरून चला. मला ते पटलं नाही. सिंक्रो म्हणजे गिअरचे वेग जुळवणाऱ्या कड्या, त्या झिजल्या की गिअर टाकताना करकर होते. बेअरिंग गेली की गाडी चालताना घरघर येते आणि ती वेगाबरोबर वाढत जाते. ती कडी सरकवणारा फोर्क किंवा गिअर जागेवर धरणारी आतली गोळी-स्प्रिंग गेली की चढावर पाय सोडल्यावर गिअर उडून बाहेर येतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. गिअर सापडायला उशीर लागे, पण एकदा लागला की तो लागलेला राही, आणि आवाजही स्वच्छ.

देवगड बंदराजवळ एक लेथवाले मेस्त्री आहेत. ट्रॉलरचे शाफ्ट, पंख्याचे बुश, पंपाच्या पुल्या असली कामं करतात. फवारणी पंपाची पुली घेऊन गेले होते, तेव्हा त्यांच्याशी हा विषय निघाला.

"वयनी, गियर लागल्यार आवाज येता?"

"नाही."

"चढाक उडान येता?"

"नाही."

"मगे गियरबॉक्साक हात लावू नकात. आधी दांड्याखालची वाटी बगा."

ही वाटी म्हणजे काय ते समजलं की पुढचं सगळं काम सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. गिअरचा दांडा हा एकसंध लोखंडी गज नाही. मुठीपासून खाली आल्यावर त्याच्यावर एक गोल गोळा आहे. तो गोळा प्लास्टिकच्या वाटीत बसतो. वरून एक स्प्रिंग आणि एक झाकण त्याला वाटीत दाबून धरतं. गोळ्याच्या खाली दांड्याचं आखूड टोक असतं आणि ते गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टच्या खाचेत जातं. आपण मूठ पुढे ढकलतो तेव्हा गोळ्यावर दांडा कलतो, खालचं टोक मागे जातं, शाफ्ट सरकतो, शाफ्टवरचा फोर्क सरकतो आणि फोर्क सिंक्रोची कडी ढकलतो. पुढे जायचे गिअर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात, हाताने आपण फक्त ती कडी सरकवत असतो.

यातला हिशेब मोठा आहे. आमच्या दांड्याचं माप घेतलं तर गोळ्याच्या वरची लांबी खालच्या लांबीच्या सहापट भरली. म्हणजे खालचं टोक एक मिलिमीटर झिजलं की मुठीला सहा मिलिमीटर मोकळेपणा येतो. आणि गोळाच वाटीत एक मिलिमीटर हलायला लागला तर मुठीला सात, कारण मग टेकूच जागा सोडतो. दोन-तीन ठिकाणी दीड-दोन मिलिमीटरची झीज झाली की तीन बोटं पूर्ण होतात. गिअरबॉक्सच्या आत एक दातही झिजलेला नसताना हे होऊ शकतं. पंधरा हजारांचा निकाल देणाऱ्याने हा हिशेब मांडला असता तर त्याचाही हात आधी वाटीकडेच गेला असता.

तरीही खोलण्याआधी खात्री करून घेतली. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. मग इंजिन चालू करून तेच. बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना करकरतो, असं झालं असतं तर दोष क्लचचा, क्लच पुरता सुटत नाही असा अर्थ. जिप्सीचा क्लच केबलचा आहे, केबल ताणली गेली किंवा पेडलचा मोकळा खेळ वाढला की असं होतं. आमच्याकडे दोन्ही वेळा फरक नव्हता. मग न्यूट्रलमध्ये दांडा डावीकडे दाबून सोडला. तो आपसूक मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत परत आला. उजवीकडून सोडला तरी तसंच. दांड्याला मध्यावर आणणाऱ्या आतल्या स्प्रिंगा शाबूत होत्या. नंतर चौथा टाकून दांडा पुढे-मागे हलवला. गिअर लागलेला असताना आतली कडी घट्ट बसलेली असते, तेव्हा दांडा जेवढा हलतो तेवढा ढिलेपणा शाफ्टच्या वरचा. तो न्यूट्रलमधल्याइतकाच होता. शेवटी मूठ सरळ वर उचलून पाहिली. दांडा टकटक असा वर-खाली होत होता. चांगल्या दांड्याला वर ओढलं तर स्प्रिंगचा ताण हाताला लागतो, तो असा मोकळा उचलला जात नाही. इथे माझी शंका फिटली.

दिराने गाडीखाली जाऊन इंजिनाची आणि गिअरबॉक्सची रबरं पाहिली. ती फाटली असली तर रेस केल्यावर सगळं इंजिन कलतं, दांडाही नाचतो आणि झीज वाटीचीच आहे असा भास होतो. रबरांना वरवर चिरा होत्या, पण रेस केल्यावर गिअरबॉक्स जागचा हलला नाही.

मग खोलायला घेतलं. त्यातही सर्वांत जास्त वेळ मी धुण्यावर घालवला आणि कोणी करणार असेल तर त्यानेही घालवावा असं मला मनापासून वाटतं. दांड्याभोवतीचं वरचं रबर फाटलेलं होतं, त्यामुळे आतल्या खोलगट जागेत वर्षानुवर्षांची तांबडी माती, सुकलेलं ग्रीस आणि समुद्राकडच्या हवेतलं मीठ यांचा थर बसला होता. त्या थराखाली आतलं दुसरं रबर, तेही फाटलेलं, आणि त्याखाली गिअरबॉक्सचं तोंड. वाटी काढताच त्यातलं चिमूटभरही आत गेलं तर ते तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोचणार. जांभ्याची माती दिसायला मऊ, पण तिच्यात बारीक खर असते आणि ग्रीसमध्ये कालवली की ती लोखंडही घासते. आधी लाकडी पट्टीने खरवडून माती हाताने उचलली, मग डिझेलमध्ये भिजवलेल्या रंगाच्या ब्रशने कडा धुतल्या, जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी पुसल्या, आणि धुतलेलं डिझेल स्वच्छ येईपर्यंत हेच चालू ठेवलं. पाण्याचा पाइप लावायचा मोह आवरायचा. फाटलेल्या आतल्या रबरातून पाणी थेट तेलात जातं.

रबराची कडी धरणारे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर डिझेल टाकून रात्रभर सोडलं. सकाळी बहुतेक सुटले, एकाचं डोकं मात्र तुटलं आणि ते ड्रिलने काढावं लागलं. किनाऱ्यावरच्या गाडीत स्क्रू सुटणं हेच निम्मं काम असतं.

दांडा काढण्याआधी दोन गोष्टी केल्या. गाडी सपाट जागेवर लावून मागच्या-पुढच्या चाकांना चिरे लावले, कारण दांडा निघाल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून थोपवता येत नाही. आणि दांडा नक्की न्यूट्रलमध्ये ठेवला. गिअरमध्ये असताना तो ओढून काढला तर आतली खाच बाजूला राहते आणि परत बसवताना टोकाला ती सापडत नाही.

जिप्सीत दांडा काढायला पाना लागत नाही. आतलं रबर वर सरकवलं की खाली झाकणासारखी गोल कडी दिसते. ती बोटांनी खाली दाबायची, स्प्रिंगचा जोर लागतो, आणि दाबून धरूनच डावीकडे फिरवायची. ती सुटली की दांडा सरळ वर येतो. आमची कडी दाबायला जोर लागलाच नाही. स्प्रिंग गंजून खचली होती.

वाटी बाहेर आली ती तुकड्यांत. मूळची पांढरी असावी, आता चहाच्या रंगाची. एका बाजूला तडा गेला होता आणि मागची कड पूर्ण नाहीशी झाली होती. त्या नाहीशा झालेल्या कडेचे तुकडे शोधणं आवश्यक होतं. टॉर्चच्या उजेडात तोंडात डोकावून दोन तुकडे शाफ्टच्या बाजूला अडकलेले दिसले, ते लांब चिमट्याने काढले. उरलेला चुरा तेलाबरोबर निघेल या अंदाजाने तेल काढायचं ठरवलं. तोंडावर स्वच्छ चिंधी बांधून ठेवली आणि मग दांडा घेऊन उन्हात बसले.

गोळा चांगला होता. थोडा डागाळलेला, पण गोल. खालचं टोक मात्र पुढच्या आणि मागच्या बाजूने चपटं झालं होतं. आपण दांडा सगळ्यात जास्त पुढे-मागेच ढकलतो, म्हणून झीजही त्याच दोन बाजूंना. डाव्या-उजव्या बाजू जवळजवळ मूळच्या राहिल्या होत्या आणि ते फार उपयोगी पडलं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावला तर दोन मापांत दीड मिलिमीटरहून थोडा जास्त फरक. मूळ आकार काय होता ते त्या न झिजलेल्या बाजूंवरून कळत होतं. पत्र्याचा तुकडा कापून, त्या बाजूंची गोलाई त्यावर उतरवून एक साचा करून ठेवला.

सुट्या भागांसाठी कणकवलीला गेले. जिप्सीचं उत्पादन 2018-19 च्या सुमारास बंद झालं, पण देशभर इतक्या गाड्या फिरताहेत की बरंच काही अजून मिळतं. स्प्रिंग मिळाली, दोन्ही रबरं मिळाली. वाटी मिळाली ती नकली. हातात घेतली, नखाने दाबली तर खूण उमटत होती. ती पुढच्या हंगामापर्यंतही टिकली नसती. म्हणून परत मेस्त्रींकडे.

त्यांच्याकडे नायलॉनचे रॉड पडलेले असतात, गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचेही. गनमेटलची वाटी जन्मभर झिजणार नाही, असं बरेच जण सांगतात आणि ते खोटंही नाही. पण कंपनीने तिथे प्लास्टिक घातलं त्याला कारण आहे. इंजिनाची आणि गिअरची थरथर त्या प्लास्टिकमध्ये जिरते. धातूवर धातू बसवला की दांडा हातात गुणगुणायला लागतो, आणि झीज वाटीऐवजी गोळ्याची होते. गोळा झिजला तर दांडाच नवा शोधावा लागेल. नायलॉनबद्दल मेस्त्रींनीच हात आखडता घेतला.

"नायलॉनाची करून देतंय, पण पावसात ती फुगतली, मगे दांडो हलाचो नाय. बोटींत बगलंय मी."

त्यांचा अनुभव आणि पुस्तकातलं शास्त्र इथे तंतोतंत जुळतं. नायलॉन पाणी शोषतं. नायलॉन 6 पाण्यात पूर्ण मुरलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी पितं, नुसत्या मध्यम दमट हवेतही अडीच-तीन टक्के. तेवढ्याने त्याची मापं बदलतात. जिथे एक दशांश मिलिमीटरची फट ठेवायची तिथे हे चालत नाही, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कधी सुकतच नाही. डेलरिन, म्हणजे अ‍ॅसिटल, दिसायला तसंच पांढरं, पण पाण्यात बुडवून ठेवलं तरी एक टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं. ते जास्त टणक असतं आणि पोलादावर कमी घर्षणाने सरकतं. घाटावरच्या कोरड्या गावात नायलॉनने भागेलही. किनाऱ्यावर डेलरिनच, असं माझं ठाम मत झालं आहे.

डेलरिनचा रॉड देवगडात नव्हता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून मागवला आणि तो फोंडा घाट उतरून पार्सलने आला. तिथे इतकी लेथ आणि फाउंड्रीची कामं चालतात की असला माल फुटावर कापून मिळतो.

वाटीचं बाहेरचं माप तुटक्या तुकड्यांवरून आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरून घेतलं, आतली गोलाई गोळ्यावरून. मेस्त्रींनी गोळ्याच्या त्रिज्येचं हत्यार घासून तयार केलं आणि हळूहळू वाटी कोरली. मधूनमधून गोळ्याला निळी शाई फासून वाटीत फिरवायचे आणि शाई कुठे लागली ते बघायचे. सुरुवातीला फक्त कडेला कडं उमटलं. मग तळाकडे सरकत सरकत दोन-तृतीयांश भागावर शाई पसरली, तेव्हा थांबले. गोळा घासायची पेस्ट लावून वाटीत घोळवून बसवूया का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. पेस्टमधले कण प्लास्टिकमध्ये रुतून बसतात आणि मग ती वाटीच गोळ्याला घासत राहते. हे मला माहीत नव्हतं, आणि असल्या एका वाक्यासाठी जाणत्या माणसाकडे जावं.

टोकाचं काम वेल्डिंगचं. झिजलेल्या दोन बाजूंवर भर घालायची आणि साच्याप्रमाणे कानसून गोल करायची. इथे कठीण भर घालावी की साधी, यावर बराच वेळ बोलणं झालं. हार्डफेसिंगचा रॉड वापरला तर टोक झिजणार नाही, पण मग आतल्या शाफ्टची खाच झिजेल, आणि ती बदलायची तर खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागेल. झिजायचंच असेल तर ते वरून दोन मिनिटांत काढता येणाऱ्या भागाने झिजावं. म्हणून 7018 नंबरचा साधा वेल्डिंग रॉड घेतला. गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे वेल्डिंगचे शिंतोडे आणि उष्णता तिथवर जाऊ नये. थोडी भर, मग थांबणं, परत थोडी. गरम टोक पाण्यात बुडवलं नाही, हवेतच निवू दिलं, नाहीतर ते ठिसूळ होतं. कानसायचं काम मी घरी घेऊन आले. पत्र्याचा साचा उजेडासमोर धरून टोकावर ठेवायचा, जिथून उजेड दिसत नाही तिथे घासायचं. शेवटी बारीक पॉलिश पेपर. साचा चारही बाजूंनी सारखा बसला तेव्हा दुपार टळून गेली होती आणि बोटांना कानशीचे वळ उठले होते. या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच.

मधल्या वेळात दिराने तेल काढलं. काळपट होतं, दुधाळ नव्हतं. दुधाळ असतं तर पाणी शिरलं असं समजायचं. ते स्वच्छ परातीत ओतून उन्हात धरलं. पितळी चकाकी अगदी नाममात्र होती. लोहचुंबक फिरवला तर त्याला बारीक करडा लेप आला, पण चकत्या किंवा कपचे नव्हते. वाटीचे तीन-चार कण सापडले. सिंक्रोच्या कड्या पितळी असतात, म्हणून तेलात सोनेरी चमक दाट दिसली असती तर गॅरेजवाल्याचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

नवं तेल घालताना जीएल-4 दर्जाचंच घेतलं. दुकानात जीएल-5 पुढे करतात, मोठा आकडा म्हणजे चांगलं तेल अशी समजूत आहे. जीएल-5 हे डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांकडे जोर वळवणाऱ्या पेटीच्या, तिरक्या हायपॉइड दातांसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. काही जीएल-5 तेलांत ती पितळ आणि तांब्याला त्रास देते, शिवाय त्याच्या बुळबुळीतपणामुळे सिंक्रोला पकड मिळायला वेळ लागतो. जुन्या गिअरबॉक्सला जीएल-4, 75डब्ल्यू-90 किंवा आमच्या उष्ण हवेत 80डब्ल्यू-90. भरण्याच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत घालायचं आणि बूच लावायचं.

जोडणी सोपी. तोंडावरची चिंधी सगळ्यात शेवटी काढली. नवी वाटी बोटाने दाबून बसवली, ती जागेवर टक करून बसली. वाटीत आणि टोकावर ग्रीसचा पातळ हात दिला. ग्रीस बोटवाले वापरतात ते, पाण्याने न धुपणारं. जास्त भरलं तर ते धूळ धरून ठेवतं, एवढं लक्षात ठेवायचं. दांडा सोडला, टोक खाचेत गेल्याचं हाताला कळलं, वर नवी स्प्रिंग, त्यावर कडी. या वेळी कडी दाबायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागला. उजवीकडे फिरवून अडकवली.

आतल्या रबराकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. वरचं रबर डोळ्यांना दिसतं म्हणून बदललं जातं, पण गिअरबॉक्सचं राखण आतलं रबर करतं. आमची वाटी फुटण्याचं मूळ कारण मला तेच वाटतं. ते फाटलं, माती आत गेली, ओलावा गेला, स्प्रिंग गंजली आणि खचली, मग गोळा वाटीत उसळायला लागला आणि कड तुटली. नव्या रबराच्या खालच्या कडेला मूळची तारेची पट्टी न वापरता स्टेनलेसचा क्लॅम्प आवळला. वरच्या कडीचे स्क्रूही स्टेनलेसचे घातले आणि त्यांच्या आट्यांना ग्रीस लावलं, पुढच्या वेळी ड्रिल काढायला लागू नये म्हणून.

इंजिन बंद असतानाच पहिला टाकून पाहिला. मूठ जेमतेम बोटभर हलली आणि गिअर पडला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्यातून सरळ मागे ओढलं तर रिव्हर्सला आतल्या अटकावाने अडवलं, न्यूट्रलमध्ये येऊन परत गेल्यावर सोडलं. हा अटकाव इतकी वर्षं तिथेच होता, पण ढिलेपणात तो कधी जाणवला नव्हता. सासऱ्यांनी सीटवर बसून सवयीने मूठ डावीकडे जोरात दाबली आणि त्यांचं मनगट अडथळ्यावर आपटलं. मग हसले आणि म्हणाले, "घेतली तेव्हा हा असोच होतो."

घाटीवर रिकामी गाडी नेली, मग पाण्याचं पिंप भरून. वरून उतरताना फोर-लोमध्ये पहिला, आणि मध्ये वळणाच्या आधी जिथे जमीन थोडी सपाट होते तिथे दुसऱ्यात जाऊन परत पहिला घेऊन पाहिला, कारण चूक व्हायची ती तिथे. हात न बघता गेला. नव्या माणसाला चावी दिली, त्याने मला काही न विचारता गाडी वर नेली. दांड्याची खरखरही खूप कमी झाली. पूर्वी दुसऱ्यात घाटी चढताना तो जो खडखडायचा तो आवाज आम्ही दगडांचा समजत होतो.

खर्चाचं सांगायचं तर तेल धरूनही गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी. त्यात सर्वांत महाग तेल आणि रबरं, वाटी सर्वांत स्वस्त.

एक पावसाळा गेल्यावर कडी फिरवून दांडा मुद्दाम काढून पाहिला. वाटीत गोळ्याचा गुळगुळीत ठसा उमटला होता, तडा नव्हता, आणि जुलैतल्या मुसळधार पावसातही दांडा जड झाला नव्हता. ग्रीस कडेला किंचित पांढुरकं झालं होतं, तेवढं पुसून नवं लावलं. टोकाचं माप बदललेलं व्हर्नियरला दिसलं नाही.

आता राहिला ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचा, दांडा. जिप्सीत ती पेटी वेगळी, मागे बसवलेली, तिचा दांडाही वेगळा, आणि त्याचीही रचना अशीच गोळा-वाटीची. टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल, फोर-लो या जागा सापडतात, पण फोर-लोमध्ये तो थरथरतो. रॉडचा उरलेला तुकडा मेस्त्रींच्या फळीवर ठेवून आले आहे. आंबा उतरला की त्याचं माप घ्यायचं.